एका सतरा अंकी संख्येची कुंडली

१२३४५६७८९८७६५४३२१.

ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती तीच राहते. एकापासून नवापर्यंत चढते आणि एकही पायरी न चुकवता पुन्हा एकावर उतरते. कोड्यांच्या सदरात किंवा मोबाइलवर आलेल्या ‘गणिताची गंमत’ छापाच्या मजकुरात ती आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. पाहायचे, गंमत वाटून घ्यायची आणि विसरायचे, एवढेच तिच्या वाट्याला येते. या लेखात तिच्यापाशी थोडे थांबायचे आहे. तिच्या कुळाचे नाव मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून पडले आहे आणि ते एका मराठी शाळाशिक्षकाने ठेवले आहे. शिवाय तिच्याकडे नीट पाहिले की एक जुना वाद पुन्हा उभा राहतो: अंकांचे असले सौंदर्य हे खरे गणित, की नुसता अक्षरांचा खेळ?

आधी ती वाचू तरी. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. कोटीच्या पुढे आज आपली जीभ अडखळते आणि आपण ‘लाख कोटी’ म्हणून वेळ मारून नेतो. भास्कराचार्यांची अशी अडचण नव्हती. ‘लीलावती’त (११५०) त्यांनी एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, म्हणजे ही नावे आपल्याच मुलखात शिकवली जात होती. त्यांच्या हिशेबाने आपली संख्या अशी वाचायची: बारा अंत्य, चौतीस शंकू, छप्पन्न निखर्व, अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष, चोपन्न हजार तीनशे एकवीस. सर्वांत डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानावर आहे आणि त्यापुढे परार्ध हे एकच घर उरते. भास्कराचार्यांनी आखलेल्या घरांत ही संख्या जेमतेम मावते.

आकाराची कल्पना हवी असेल तर इतके सेकंद मोजून पाहा. सुमारे ३९ कोटी वर्षे होतात. मुंबईच्या पोटातला काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आपली संख्या त्याच्या सहा पट मागे जाते.

कार्यालयातल्या संगणकावर एक्सेल उघडून ही संख्या टाइप करण्याचा प्रयोगही करावा. समोर १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. शेवटचे २१ गायब! एक्सेल पंधराच अंक सांभाळते, पुढच्या घरांत शून्ये भरते. म्हणून पुढचे सगळे कागद-पेन्सिलीने करायचे आहे. पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेल्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नसते.

आता ही संख्या येते कुठून ते पाहू.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत नऊ एकांपर्यंत गेलो की १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे आपली संख्या पूर्ण वर्ग आहे आणि तिच्या वर्गमुळात एकाशिवाय दुसरा अंकच नाही. हे का होते ते शाळेतल्या उभ्या गुणाकारात दिसते. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ हीच ओळ तीनदा लिहितो, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रांगा मोजायच्या: उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच ‘एक’ येतो, दुसरीत दोन, तिसरीत तीन, पुन्हा दोन, पुन्हा एक. नऊ ओळी सरकवून लिहिल्या की मधल्या रांगेत नऊ ‘एक’ जमतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकाने कमी होत जातात. कुठेही हातचा येत नाही, म्हणून रांगेतली मोजणी जशीच्या तशी उत्तरात उमटते. गिरगाव-लालबागच्या गोविंदा पथकांना नऊ थरांचे मोल सांगायला नको. ही संख्या नऊ थर लावून उभी राहते. दहावा लावायला गेले की काय होते, ते पुढे येईलच.

या कुळाला ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून तीस मैलांवरचे स्थानक. बोरीबंदरहून सुटलेली गाडी परळ, दादर, ठाणे मागे टाकून कल्याणच्या अलीकडे जिथे थांबते, ते आजचे डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना तिथे सुचली आणि त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना देऊन टाकले. गणितात संख्यांना माणसांची नावे पुष्कळ मिळाली आहेत. उपनगरी स्थानकाचे नाव मिळाल्याचे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

कापरेकरांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. आई मुलगा आठ वर्षांचा असताना गेली. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, मार्गदर्शक नाही, विद्यापीठात जागा नाही. ६१७४ या संख्येमुळे आज त्यांचे नाव जगभर घेतले जाते, पण डेम्लो संख्या तिच्याही आधीच्या. १९३८ साली त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात या संख्यांवर टिपण लिहिले. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबरचा ‘थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स’ हा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये छापून आला. डोंबिवलीच्या स्थानकावर सुचलेली गोष्ट अशी फोर्टातल्या विद्यापीठापर्यंत पोहोचली. १९४८ साली देवळालीहून त्यांनी डेम्लो संख्यांवर स्वतंत्र पुस्तिकाही काढली.

कापरेकरांची व्याख्या नुसत्या वर्गांपुरती नव्हती, आणि इथेच त्यांची नजर दिसते. १३३२ ही संख्या घ्या. टोकांना १ आणि २, मध्ये सगळे ३, आणि १ + २ = ३. १३३३३२ घेतली तरी तेच. डावा तुकडा, उजवा तुकडा, आणि मध्ये एकाच अंकाची माळ. दोन तुकड्यांची बेरीज केली की माळेतलाच अंक मिळतो. अशी संख्या ती डेम्लो. तिचे गुपितही उभ्या गुणाकारातच आहे: १२ × १११ = १३३२. थोडे मोठे उदाहरण: १२३ × १११११ = १३६६६५३. इथे डावा तुकडा १३, उजवा ५३, त्यांची बेरीज ६६, आणि मध्ये ६६६. आता आपल्या सतरा अंकी संख्येकडे या नजरेने पाहा. मधला ९ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८ उरतात, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. मधला अंक नऊ, बेरजेतले सगळे अंकही नऊ. ही मंडळी कापरेकरांना ‘वंडरफुल डेम्लो’ वाटली, यात नवल नाही.

पण हे सारे मोठ्या गणितींच्या पंक्तीत बसणारे होते का? १९४० साली, म्हणजे विद्यापीठाच्या जर्नलमधल्या त्या लेखानंतर वर्षभरातच, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ प्रसिद्ध झाले. रामानुजनला इंग्लंडला नेणारे ते हेच हार्डी. गंभीर गणित कशाला म्हणत नाहीत याचे उदाहरण म्हणून त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्या दिल्या आहेत. चार अंकी संख्यांत या दोनच अशा, की त्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. कोड्यांच्या सदराला हे ठीक. गणितज्ञाला भावावे असे यात काही नाही, असा त्यांचा निर्वाळा. हार्डींना देवळालीच्या मास्तरांचे काम ठाऊक असल्याची काही खूण नाही. तरी त्यांचे हे वाक्य कापरेकरांच्या सगळ्या कामाला लागू करता येते, आणि देशातल्या पुष्कळ गणितज्ञांनी मनातल्या मनात ते लागू केलेही. कापरेकरांच्या लेखनाची त्यांच्या वर्तुळात फारशी गंभीर दखल घेतली गेली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते. मधल्या काळात, निवृत्तीनंतर, पेन्शन पुरत नाही म्हणून ते शिकवण्या करत होते. १९८६ साली देवळालीलाच त्यांचे निधन झाले.

हार्डींचा आक्षेप मात्र भावनेने उडवून लावता येणार नाही. त्यात तथ्य आहे. बारा ही संख्या दगडांची असो की आंब्यांची, ती तीनाने भागली जाते. हा संख्येचा गुण झाला. ती लिहिताना एकापुढे दोन येतात, हा आपल्या दशमान लेखनाचा गुण. आपल्या हाताला दहाऐवजी आठ बोटे असती आणि आपण आठाआठाने मोजत असतो, तर बारा ही संख्या आपण १४ अशी लिहिली असती. म्हणजे अंकांच्या मांडणीतली गंमत ही संख्येची नसून तिने घातलेल्या कपड्यांची आहे, असा या आक्षेपाचा रोख. आपल्या सतरा अंकी संख्येचे सारे वैभव तर मांडणीतच आहे. मग तिच्या हाती काय राहिले?

कपडे बदलून पाहू. मुंबईच्या घाऊक बाजारात पेन्सिली, बटणे ग्रोसवर विकली जात. बारा नगांचा डझन, बारा डझनांचा ग्रोस. हे बारावर चालणारे लेखनच आहे. तिथे १२१ म्हणजे १ ग्रोस, २ डझन, १ नग. किती झाले? १४४ + २४ + १ = १६९, म्हणजे १३ चा वर्ग. घड्याळ साठावर चालते. १ तास, २ मिनिटे, १ सेकंद म्हणजे ३६०० + १२० + १ = ३७२१ सेकंद, म्हणजे ६१ चा वर्ग. आठावर मोजणाऱ्यांच्या लेखनातले १२१ म्हणजे ६४ + १६ + १ = ८१, नवाचा वर्ग. तिथलेच १२३२१ घ्या: ४०९६ + १०२४ + १९२ + १६ + १ = ५३२९, आणि हा ७३ चा वर्ग. दरवेळी संख्या वेगळी, पण ती पूर्ण वर्ग असणे काही सुटत नाही.

कारण शाळेच्या बीजगणितातले आहे. मोजणीचा पाया क्ष धरला तर ११ म्हणजे क्ष + १, आणि १२१ म्हणजे क्षचा वर्ग, अधिक २क्ष, अधिक १. हे तर क्ष + १ च्या वर्गाचे सूत्रच झाले. क्ष दहा असो, बारा असो की साठ, सूत्राला त्याचे सोयरसुतक नाही. म्हणून १२३४५६७८९८७६५४३२१ हे अंक दहा किंवा त्याहून मोठ्या कोणत्याही पायावर वाचा. मिळणारी संख्या पूर्ण वर्गच असेल. उभ्या गुणाकारात हातचा आला नाही ना, तिथेच हे ठरले होते. हातचा ही एकच जागा अशी आहे की जिथे पाया किती हे विचारावे लागते.

दोन्ही तुकड्यांच्या बेरजेत नऊच नऊ येणे हेही तसेच. १ + ८, २ + ७ अशा जोड्यांत कुठल्याच मोठ्या पायावर हातचा येत नाही. आणखी एक गुण तपासू. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ती ८१ ने निःशेष भागली जाते. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे ‘हर्षद’, हर्ष देणारी. हेही नाव कापरेकरांचेच. हा तरी दहाचा योगायोग असेल असे वाटते. पण आठावर मोजणाऱ्यांचे शिखर असेल १२३४५६७६५४३२१. त्याच्या अंकांची बेरीज ४९, आणि ती संख्याही ४९ ने भागली जाते. त्याचे वर्गमूळ आपल्या लेखनात २९९५९३, म्हणजे ७ × ४२७९९. नवाने भाग जातो का हे पाहायला आपण अंकांची बेरीज करतो, त्याच रीतीने पायापेक्षा एकाने लहान संख्येचा भाग सगळीकडे तपासता येतो. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नऊ भागतो आणि त्याच्या वर्गाला ८१. आठांच्या राज्यात सात एक आणि ४९. प्रत्येक पायावरचे शेवटचे शिखर हर्षद असते.

मग दहाचे खास असे काय उरले? ज्याला आपण संख्येचा अस्सल, आतला गुण समजतो ते, म्हणजे तिचे मूळ अवयव. १११११११११ चे १११ × १००१००१ असे दोन तुकडे कोणत्याही पायावर पडतात. त्या तुकड्यांचे पुढे काय होते ते मात्र पायावर अवलंबून आहे. दहाच्या पायावर १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. आठाच्या पायावर १११ म्हणजे ७३, आणि ती तर मूळ संख्याच. पुढे फुटतच नाही. आपल्या सतरा अंकी संख्येत अशा रीतीने ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतात. त्यांच्यापासून तिचे ४५ विभाजक तयार होतात.

यातल्या ३३३६६७ कडे लक्ष द्यायला हवे. एकाला तिने भागले तर ०.०००००२९९७०००००२९९७… असे नऊ अंकांचे आवर्तन मिळते, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. बरोबर नऊ अंकांचे आवर्तन देणारी मूळ संख्या जगात ही एकच आहे. अशा कुठल्याही संख्येने ९९९९९९९९९ ला भागले पाहिजे, आणि त्याचे मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. पैकी तीनाचे आवर्तन एका अंकाचे, ३७ चे तीन अंकांचे (०.०२७०२७…). उरते ती एकटी. हार्डींना असले विधान चालले असते असे वाटते, कारण आवर्ती दशांशांच्या मागे संख्याशास्त्राचा चांगला मोठा प्रांत आहे. तरी गंमत पाहा: दर्शनी नक्षी पायाच्या पलीकडची निघाली आणि आतले अवयव दहाशी बांधलेले. कपडे कोणते आणि अंग कोणते, हे हार्डी समजत होते तितके सरळ नाही. त्यांच्याच ८७१२ चे पाहा. मध्ये नऊ घालत जा: २१९७८ × ४ = ८७९१२, २१९९७८ × ४ = ८७९९१२. ९८०१ चेही तसेच: १०९८९ × ९ = ९८९०१. चार अंकांपाशी थांबल्यामुळे ते कोडे वाटले. कापरेकर तिथे थांबले नसते, असे मला खात्रीने वाटते. मात्र त्यांच्या सगळ्याच शोधांना एका मापाने मोजणेही बरे नव्हे. ६१७४ चे वर्तन खरोखरच दहाच्या पायाशी आणि चार अंकांशी जखडलेले आहे. डेम्लो संख्यांमागे बीजगणित उभे आहे, हा फरक राहतोच.

आता दहावा थर. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रांगेत दहा ‘एक’ जमतात. तिथे शून्य लिहायचे आणि हातचा एक शेजारच्या नवाला द्यायचा. नऊचे दहा होतात, तिथेही शून्य, आणि हातचा पुढे आठाला. आठाचे नऊ होतात आणि पडझड थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. उतरण शाबूत आहे, चढणीत मात्र आठ नाही. अंकांची बेरीज शंभर व्हायला हवी होती. दोन हातच्यांनी प्रत्येकी नऊ खाल्ले आणि ८२ राहिली. संख्या विषम, तेव्हा ८२ ने भाग जाण्याचा प्रश्नच नाही. हर्षदपणही गेले.

हा हरवलेला आठ आणखी एके ठिकाणी सापडत नाही. आपल्या संख्येतले शेवटचे नऊ अंक तोडून उरलेल्या आठांत मिळवा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. याचा अर्थ ती संख्या ९९९९९९९९९ ने भागली जाते. भागाकार करून पाहिला तर १२३४५६७९ येतो, आठ वगळून. एकाला ८१ ने भागा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… हीच अंकमाला अखंड फिरत राहते. १/८१ हा १/९ चा, म्हणजे ०.१११११… चा वर्ग. त्याचा गुणाकार मांडला की रांगांत १, २, ३ करत एकांची संख्या वाढत जाते, दहाव्या रांगेला हातचा निघतो, नऊ तो पुढे ढकलतो आणि आठाची जागा नऊ घेतो.

बाराच्या पायावर मोजणाऱ्यांना दहा एक आणि अकरा एकही सुखरूप चढता-उतरता येतात. त्यांचा हातचा बाराव्याला येतो, आणि त्यांच्या चढणीतून गळतो तो दहा.